हिरड्याची पूड आणि भाड्याचं घर

रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं मांजरपाट फिकट पिवळसर दिसायला हवं, लोण्याच्या रंगाचं. त्या दिवशी बादलीतून वर आलं ते राखाडी. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं. न्हाणीघरातल्या ट्यूबलाइटचा दोष असेल म्हणून बाल्कनीत नेऊन पाहिलं, तर तिथेही तेच. गोधडीसाठीचं साडेचार मीटर कापड, त्याची खळ काढण्यात गेलेले दोन दिवस, आणि प्रदर्शनाला उरलेले आठ आठवडे.

भाड्याच्या घरात येऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

कोथरूडची आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार, हे मी चार वर्षं ऐकत होते. इतक्या सभा झाल्या आणि त्यांत पार्किंगवरून इतकी भांडणं झाली, की हे आता होत नाही अशी माझी खात्रीच पटली होती. एप्रिलमध्ये करारावर सह्या झाल्या आणि मेअखेर जागा रिकामी करून द्यायची ठरलं. मे म्हणजे कॉलेजात सबमिशन आणि ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडणं. मी तिथे तासिका तत्त्वावर रंगाई शिकवते. म्हणजे तास घेतला तर पैसे. जर्नल तपासणं, ज्युरीच्या आदल्या दिवशी रडणाऱ्या मुलीला जिन्यात बसून समजावणं, हे धर्मादाय. बिल निघायला तीन-तीन महिने लागतात. घर हलवायचंय म्हणून आठवडाभर रजा घेणं परवडणारं नव्हतं.

त्यामुळे सामान बांधलं रात्री. माळ्यावरून सासूबाईंची ट्रंक उतरवली, तिच्यात त्यांची जुनी सुती पातळं होती, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली. “घाल तुझ्या गोधडीत,” म्हणाल्या. गोधडीला याहून चांगलं पोट मिळत नाही, नवं कापड कितीही धुतलं तरी असं बसत नाही. एक इरकल मात्र त्यांनी सकाळी दिलं आणि संध्याकाळी परत मागून घेतलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी मागितलंच नाही.

तर ते राखाडी कापड. कच्छमधल्या धमडका गावच्या खत्री रंगाऱ्यांची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. २००१च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं, अजरखचे, म्हणजे त्यांच्या ठसेछपाईच्या कापडाचे, रंग बिघडायला लागले आणि अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गावच वसवलं. ही गोष्ट इतकी वर्षं सांगूनसुद्धा, आपल्याच नळाला काय येतंय हे बघायचं मला सुचलं नव्हतं. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, आणि टॅनिनला लोह भेटलं की काळं पडायचंच. गूळ आणि गंजके खिळे आंबवून त्या पाण्याने रंगारी काळा रंग करतात, तो याच जोरावर. जुन्या घरी महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी होतं. इथे बोअर, वर टँकर, आणि दोन्ही जुन्या लोखंडी पाइपातून. काचेच्या पेल्यात नळाचं पाणी घेऊन चिमूटभर हिरड्याची पूड टाकली. दोन मिनिटांत पाणी जांभळट करडं झालं. पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात तीच पूड टाकली, तर ते गवती चहासारखं पिवळं राहिलं. झाला निवाडा.

पण फिल्टरचं पाणी घरात सहा माणसांना पुरत नाही, कापडाला कुठून द्यायचं? त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी सदाशिव पेठेत मावशीकडून स्कूटरवर पंधरा लिटरचे दोन कॅन आणले. दुसऱ्या खेपेला गुडघा बोलायला लागला. मग पाऊस सुरू झाला आणि मी गच्चीवर ताडपत्री बांधून तिच्या टोकाखाली पिंप ठेवलं. सोसायटीचे सेक्रेटरी विचारायला आले, तेव्हा “औषधाला लागतं” असं सांगून मोकळी झाले. खोटं बोलले, पण रंगाई म्हटलं असतं तर पिंप खाली आलं असतं.

पावसाच्या पाण्यात हिरडा छान बसला. अडली ती मंजिष्ठा, लाल रंग देणारी मुळी. तिला थोडं चुन्याचं, जड पाणीच आवडतं. निव्वळ पावसाच्या पाण्यात लाल उतरेना, नुसता विटकरी-नारिंगी. चुनखडीची अगदी थोडी पूड घातल्यावर रंग वळला. आणि धीर धरायचा. पाणी फार तापलं की लालात तपकिरी शिरतो, म्हणून शेगडीपाशी बसून राहायचं. जर्नलं मी तिथेच तपासली. एकीच्या जर्नलवर अजून माझा लाल अंगठा आहे.

रंग धरून ठेवायला तुरटी कापडाच्या कोरड्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के लागते, आणि माझा वजनकाटा “स्वयंपाकघर – इतर” लिहिलेल्या सहा खोक्यांपैकी कुठल्यातरी एकात होता. शेवटी कापड घडी करून वाण्याकडे नेलं. “सातशे ऐंशी,” तो म्हणाला आणि पुढे काहीच विचारलं नाही. पुण्यात हेही नवलच.

जून संपता संपता नवं सत्र सुरू झालं. पहिल्याच तासाला मुलांना सांगितलं, उद्या आपापल्या घरच्या नळाचं पाणी बाटलीत आणा. अठरा बाटल्या आल्या. टेबलावर अठरा पेले ओळीने मांडले, प्रत्येकात चिमूट. पाच करडे झाले, एक जवळजवळ काळा. तो पेला आणणारा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मॅम, आम्ही हेच पितो.” त्याला काय सांगायचं मला कळलं नाही. पाणी तपासून घ्या म्हटलं.

त्याच वर्गाच्या फरशीवर माझी गोधडी अंथरली गेली. पाच फूट बाय सात फूट, नव्या घरात पलंग उभा केल्याशिवाय एवढी सलग जागा नव्हती. शिपाईकाकांनी साडेसहापर्यंत कुलूप लावलं नाही. चौघी मुलींनी कोपरे ताणून धरले, मी थर बसवून कच्चे टाके घातले आणि गुंडाळी करून रिक्षाने घरी आणली. पुढचा धावदोरा काठापासून आत, फेऱ्या मारत मध्यापर्यंत. वेळ ठरवून शिवायचं मी सोडून दिलं होतं, कारण वेळ कुणी ना कुणी मोडायचंच. मी दोरे मोजायला लागले. हातभर दोऱ्याची एक सुई संपायला साधारण वीस मिनिटं. रोज चार सुया. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एक, सासूबाईंना औषध देऊन झाल्यावर एक, उरलेल्या दोन रात्री. चार होत नसत, पण सहसा तीन व्हायच्याच.

प्रदर्शनात सहा कामं लावायचं कबूल केलं होतं. तीन लागली. संयोजक नाराज झाले, आणि ते बरोबरच होतं. मोठी गोधडी विकली गेली. पैसे आले त्यातले निम्मे पुढच्या घराच्या डिपॉझिटसाठी बाजूला ठेवले, कारण अकरा महिन्यांचा करार संपल्यावर मालकीणबाईंच्या मुलाला हे घर हवं आहे. बाल्कनीच्या फरशीवरच्या लाल डागांचा त्याच्याशी संबंध नाही, असं त्या स्वतःहून दोनदा म्हणाल्या.

सध्या आम्ही वारज्यात घरं बघतोय. नवरा पार्किंग बघतो, सासूबाई देवघराची जागा. मी स्वयंपाकघरात जाऊन पेला मागते आणि पर्समधून हिरड्याची पुडी काढते. परवाच्या एजंटने दाराशीच उभं राहून विचारलं, “मॅडम, वास्तूचं काही आहे का?” मी हो म्हटलं, आणि पाण्याचा रंग बघत उभी राहिले.