आमची वाटचाल : पंपापासून हब मोटरपर्यंत

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या दुकानात काउंटरवर एक लांब स्क्रू ड्रायव्हर पडलेला असतो. मूठ लाकडी, टोक झिजलेलं. त्याने स्क्रू कुणीच फिरवत नाही. वडील त्याचं टोक पंपाच्या बेअरिंगपाशी टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग निकाल द्यायचे, "पुढचं गेलंय. मागचं अजून वर्ष ओढील." गिऱ्हाईक हसायचं आणि दोन्ही बदलून घ्यायचं.

रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींच्या तारा नव्याने गुंडाळून द्यायचं दुकान ते. खाणींवरचे पंप, क्रशरच्या मोटरी, कन्व्हेयरच्या मोटरी. वार्निशच्या वासात आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि दोन महिन्यांत दुकानासमोर मोटर उतरवायला एकही टेम्पो येईना. पुढे सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद पडल्या. मधली वर्षं विहिरीचे पंप आणि मिक्सर यांत गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हब मोटरींच्या, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणाऱ्या मोटरींच्या, या नव्या धंद्यात मला आणलं ते एका पदेराने. पहाटे पावांची टोपली मागे बांधून सगळे वाडे फिरणारा माणूस. गुडघे गेले म्हणून मुलाने सायकलला २५० वॉटची मोटर बसवून दिली होती. ती घेऊन तो दारात उभा, "भाई, हिका कितें जालां पळय रे." (हिला काय झालंय बघ रे.) चढावर कट्, कट्, कट्. सपाटीवर गप्प. मी तोवर अशी मोटर उघडलेलीच नव्हती. उघडली तर आत तीन नायलॉनचे दातेरी गिअर, एकाचे चार दात गेलेले, ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं. भंगारातल्या तशाच मोटरीचे तिन्ही गिअर घातले. एकच बदलला असता तर नवा दात जुन्या दाताला खाऊन टाकतो. पदेराने पैसे विचारले, मी नको म्हटलं. त्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी कडीला पावांची पिशवी लटकलेली असते. वाईट दिवसांतही एक दिवस चुकली नाही.

मग हळूहळू सगळंच येऊ लागलं : उभं राहून चालवायच्या स्कूटर, बॅटरीच्या सायकली, बिनलायसनच्या छोट्या गाड्या. गिअर नसलेल्या हब मोटरीत हलणारं असं फारसं काही नसतंच. बाहेर मॅग्नेटची कडी, आत स्टेटर म्हणजे तारा गुंडाळलेला न फिरणारा भाग, मधली फट मिलिमीटरहून कमी. पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, न लावता झाकण काढायला गेलात तर मॅग्नेट स्टेटरला परत असा खेचतो की मध्ये सापडलेलं नख गेलंच. माझ्या डाव्या अंगठ्याचं अजून वाकडं उगवतं.

आता मूळ दुखण्यावर येतो. कळंगुटच्या बाजूला गाड्या भाड्याने देणारे एक शेट आमचे मोठे गिऱ्हाईक. १४ गाड्या. एका पावसाळ्यानंतर तक्रार आली, सुटताना सगळ्या 'घुंऽऽ' करतात. पहिल्या गाडीला माझीच चूक झाली. बेअरिंग समजून मोटर उघडली, दोन्ही बेअरिंगं बदलली, आवाज तसाच. स्क्रू ड्रायव्हर लावायच्या आधी चाक उचलून हाताने फिरवायला हवं होतं. वीज बंद असताना खरखर आली तर बेअरिंग किंवा ब्रेकची डिस्क. हाताने फिरवताना शांत आणि वजन घेऊन सुटतानाच गुरगुर, तर बहुतेक वेळा दोष करंटचा. तसंच होतं. आदल्या वर्षी सगळ्या गाड्यांचे कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतला करंट मोटरीला सोडणाऱ्या पेट्या, बदलून स्वस्तातले घातले होते. ते करंट सहा टप्प्यांत, धक्क्याधक्क्याने सोडतात, आणि प्रत्येक धक्क्याला मोटर हुंकार देते. साइन वेव्हचा कंट्रोलर करंट गोलाईने चढवतो-उतरवतो. माझ्या टेबलावरचा एक लावून दाखवला, गाडी मांजरासारखी सुटली.

पण ते कंट्रोलर विकले होते समोरच्या दुकानाने. आणि समोरचं दुकान म्हणजे आमच्याकडे तीन वर्षं सोल्डरिंग शिकलेला मुलगा. तो शेटना म्हणाला, "मोटरी पाण्याने गेल्या, नव्या घाला. ते कान लावून काय ऐकतात?" माझी पहिली चूक शेटच्या डोक्यात होतीच. सहा मोटरी नव्या बसल्या. सहाही 'घुंऽऽ' करत सुटल्या. तरी काम गेलं ते गेलंच, वर तीन महिन्यांची बिलं अडकली. लेथ विकावा लागला. वडिलांचा लेथ. टेम्पोत चढवताना मी मागच्या खोलीत जाऊन बसलो.

त्या वर्षी दुकान उभं राहिलं ते हॉल सेन्सरवर. मोटरीतला मॅग्नेट कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे हे बारके तुकडे. गाडी सुटताना थरथरते, ढर्र ढर्र करते, पायाने ढकलली की पळते? बहुतेक वेळा तीनपैकी एक सेन्सर गेलेला असतो. मल्टीमीटर लावून चाक सावकाश फिरवा. प्रत्येक सेन्सरच्या तारेवर शून्य आणि पाच व्होल्टच्या आसपास असा खेळ दिसला पाहिजे. ज्या तारेचा आकडा हलत नाही तिचा सेन्सर मेला. सेन्सर काही रुपयांचा, पण लोक अख्खी मोटर बदलून घेतात. बसवा त्यांच्या नशिबाला!

विचारलं नाहीत तरी सांगतो. गोव्याच्या पावसात पाणी झाकणातून कमी आणि शाफ्टमधल्या तारेवरून जास्त शिरतं. तार चाकात जाण्याआधी खाली झोका देऊन बांधा, थेंब तिथेच गळेल. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुऊ नका. समुद्रकाठी वापरत असाल तर मॉन्सून संपल्यावर एकदा मोटर उघडून घ्या. स्टेटरवर तांबडा गंज धरला की तो सुटून फटीत अडकतो आणि मग खरवडल्यासारखा आवाज येतो, तोवर उशीर झालेला असतो.

गेल्या महिन्यात शेटचा माणूस दोन गाड्या घेऊन आला. शेट आले नाहीत. चाक उचललं, हाताने फिरवलं. एकीची डिस्क घासत होती, पाच मिनिटांचं काम. दुसरीचं बेअरिंग खरंच गेलेलं. दोन्ही करून दिल्या, पैसे रोख मागून घेतले. जुने ४१,६०० रुपये वहीत तसेच आहेत, आणि वही त्या माणसासमोर उघडीच ठेवली होती.