इंजिनाचे सोवळे

परवा दुपारी ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीत स्कूटरचे पंक्चर काढून घेत उभा होतो. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा एक बेअरिंग चिंध्यांच्या बोळ्याने खसाखसा पुसत होता, आणि पुसून झाल्यावर त्या चकचकीत धातूवर दोन-तीन धागे तसेच चिकटून राहिले. त्या गाडीशी माझे काही देणेघेणे नव्हते, तरी "अरे, धागा!" असे मी जवळजवळ ओरडलोच.

ही खोड बाबांची. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या आमच्या अंगणात त्यांच्या १०८९ सीसीच्या जुन्या फियाटचे इंजिन उघडले जाई, पण मे महिन्यात कधीच नाही, कारण ग्वाल्हेरची आँधी बंद कपाटातल्या कपड्यांनाही सोडत नाही. दिवाळीनंतर, सडा घालून धूळ बसली की चादर अंथरली जाई आणि तिच्यावर आजीच्या नऊवारीचे, धुऊन धुऊन मऊ झालेले आणि आईने कडा दुमडून शिवलेले तुकडे ठेवले जात. जन्मभर आजीच्या सोवळ्याची थट्टा करणारे बाबा त्या दिवशी कोणालाही चादरीजवळ फिरकू देत नसत, "शिवू नकोस!" हे शब्दही तिचेच. आजी ओसरीवरून नुसती हसत असे.

बेअरिंग आणि त्यात फिरणारा इंजिनाचा दांडा, म्हणजे क्रँक, यांच्यातली फट जेमतेम ०.०५ मिलिमीटरची, आणि तेलाचा पापुद्रा राहायचा तो तेवढ्यात. तिथे वाळूचा एक कण शिरला की तो मऊ बेअरिंगमध्ये रुतून बसतो आणि क्रँकवर ओरखडे काढत राहतो, हे बाबांनी मला सातवीत असताना सांगितले आणि त्यानंतर कित्येक दिवस मी पोहे खाण्याआधी निरखून पाहत होतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या चारही कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर ते सुटे करण्यापूर्वीच पंचाने एक, दोन, तीन, चार ठिपके मारत, कारण एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. पिस्टनवरच्या रिंगांची तोंडे ते एकाखाली एक येऊ देत नसत आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, मधल्या भागापासून कडेकडे, थोडेथोडे करत, तीन फेऱ्यांत आवळत. मधेच चहा आला, तर उघड्या सिलिंडरवर आधी फडके पडे आणि मगच कप उचलला जाई. शेवटी प्लग न लावताच स्टार्टर फिरवून ते तेल वर चढू देत. माझ्या मते हा साऱ्या प्रकारातला सर्वांत सुंदर क्षण होता, कारण त्या वेळी घरात कोणीही बोलत नसे.

एकदा सगळे जोडून झाल्यावर चादरीवर एक वॉशर उरला. बाबा रात्रभर जागे होते. पहाटे त्यांनी पुन्हा खालच्या तेलाच्या चेंबरपर्यंत सगळे तपासले, पण कुठेही काही कमी आढळले नाही. गाडी त्यानंतर अकरा वर्षे चालली. तो वॉशर माझ्या खणात आहे, आणि तो कुठला, हे अजूनही कळलेले नाही.