१८ जीबीचा बॅकअप २०० जीबी का मागतो?

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपवरून डेटाबेस परत उभा (रिस्टोअर) करताना ३२५७, म्हणजे 'डिस्कवर जागा अपुरी', ही एरर आली की बहुतेक जण आधी बॅकअप फाइलचा आकार बघतात. फाइल १८ जीबीची, डिस्कवर ९० जीबी मोकळे, मग जागा कमी कशी? गफलत इथेच होते. बॅकअपमध्ये वापरातली पेजेस (डेटा साठवायचे छोटे तुकडे) तेवढी येतात, तीही बहुधा कॉम्प्रेस होऊन. रिस्टोअर मात्र प्रत्येक फाइल बॅकअपच्या वेळी होती तेवढीच पुन्हा उभी करतं, आतल्या पोकळ जागेसकट.

म्हणून आधी बॅकअपमधल्या फाइलींची यादी दाखवणारी 'रिस्टोअर फाइललिस्टओन्ली' ही कमांड चालवा. 'साइझ' रकान्यातले आकडे बाइटमध्ये असतात. १०७३७४१८२४ ने भागा, जीबी मिळतील. समजा 'डी' टाइपची डेटा फाइल ६० जीबीची निघाली आणि 'एल' टाइपच्या लॉग फाइलसमोर (यात डेटाबेसमधल्या बदलांची नोंद असते) दिसतंय १५०३२३८५५३६०. म्हणजे एकटा लॉगच १४० जीबी, दोन्ही मिळून २००! असं दिसलं की माझा पहिला संशय एकच: रिकव्हरी मॉडेल 'फुल' (यात लॉगचा बॅकअप घेईपर्यंत लॉगमधली जागा मोकळी होत नाही), पण लॉग बॅकअप कुणी लावलेलेच नाहीत.

रिस्टोअर करताना लॉग लहान करायची कुठलीच सोय नाही. मूळ सर्व्हर हाताशी असेल तर तिथे लॉग बॅकअप घ्या, 'डीबीसीसी श्रिंकफाइल' या फाइल आकसवणाऱ्या कमांडने लॉग ८१९२ एमबीवर आणा आणि फुल बॅकअप नव्याने घ्या. जुन्या बॅकअपमध्ये जुनाच आकार राहतो, हे विसरू नका. लॉग आकसत नसेल तर 'सिस डॉट डेटाबेसेस' या सर्व्हरच्या माहितीच्या यादीत 'लॉग रियूज वेट डेस्क' हा रकाना बघा, अडलंय कुठे ते तिथे कळतं.

मूळ सर्व्हर नसेल तर रिस्टोअर कमांडला 'विथ मूव्ह' हा पर्याय देऊन लॉग दुसऱ्या ड्राइव्हवर टाका. बॅकअप फाइलही त्याच डिस्कवर कॉपी करायची गरज नाही. नेटवर्क शेअरवरून थेट रिस्टोअर होतं, फक्त वाचायची परवानगी एसक्यूएल सर्व्हर ज्या खात्यावर चालतो त्या सर्व्हिस अकाउंटला हवी, तुमच्या लॉगिनला असून भागत नाही.

जागा पुरली तरी एवढा लॉग वेळ खातोच. 'इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशन' (फाइल शून्यांनी न भरताच तयार करायची सोय) चालू असेल तर डेटा फाइल झटकन तयार होते, पण रिस्टोअरमध्ये लॉग पूर्ण शून्यांनी भरावा लागतो. १४० जीबी शून्यं लिहून होईपर्यंत टक्केवारी ० वरच दिसेल. अडकलंय समजून रिस्टोअर मध्येच थांबवू नका, पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरुवात करावी लागेल.