सात वर्षं, बारा पुस्तकं

मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाबद्दल लोक कौतुकाने बोलतात. दहाव्या-अकराव्याबद्दल बोलायला लागले की आवाजात हक्क येतो. "हे काय करून ठेवलंय यांनी!" असं म्हणायचा हक्क त्यांनी आधीची सगळी पुस्तकं पदरचे पैसे घालून वाचून कमावलेला असतो.

हे माझ्या नीट लक्षात आलं ते 'लेफ्ट बिहाइंड' या अमेरिकन ख्रिस्ती कादंबरीमालिकेच्या वाचकांमुळे. आम्ही शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरांत राहतो, आणि या मालिकेतलं मुख्य कुटुंब तसं बघायला गेलं तर आमच्या शेजारचंच. वैमानिक रेफर्ड स्टील, त्याची बायको आयरीन, मुलगी क्लोई आणि धाकटा रेमी हे माउंट प्रॉस्पेक्टचे. मी रोज कामाला जाते ती त्याच गावातून. तर हा रेफर्ड एके रात्री लंडनला निघालेलं 747 चालवत असतो आणि विमान अटलांटिकवर असताना कितीतरी प्रवासी एकाएकी नाहीसे होतात. सीटवर त्यांचे कपडे तेवढे उरतात. जगभर हेच झालेलं असतं. प्रभूने आपली माणसं वर उचलून घेतलेली असतात आणि बाकीचे मागे राहिलेले असतात. विमान वळून शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर येतं, हा धडपडत घरी पोचतो, तर बायको नाही, मुलगा नाही. इथून पुढे सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधी राजा, आणि सगळ्यात शेवटी ख्रिस्ताचं पुनरागमन.

पहिलं पुस्तक 1995 साली आलं, बारावं 2004 साली. टिम लाहे या पाद्रीबाबांनी बायबलमधल्या भविष्यवाणीचा आराखडा करून द्यायचा आणि जेरी जेनकिन्स यांनी त्याची कादंबरी लिहायची, अशी वाटणी. प्रकाशक टिंडेल हाउस, तेही इथलेच, कॅरल स्ट्रीमचे. सगळ्या मिळून सहा कोटींवर प्रती खपल्या. नववं पुस्तक, 'डेसिक्रेशन', हे तर 2001 साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कादंबरी ठरलं. न्यूयॉर्कचे मनोरे पडून थोडेच दिवस झाले होते आणि लोकांना शेवटाबद्दल वाचायचं होतं.

मी मालिकेत शिरले ती चुकीच्या टोकाकडून. आमच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची विक्री लागते, तिथे या मालिकेचे जाडजूड भाग थप्पीने पडलेले असतात. माझ्या हाताला लागला अकरावा, 2003 सालचा 'आर्मगेडन'. घेतला तो गोष्टीसाठी नव्हे. कुणीतरी तो पेन्सिल घेऊन वाचला होता म्हणून घेतला.

हा आधीचा वाचक (अक्षरावरून मला तरी बाई वाटते) दोन प्रकारच्या नोंदी करत गेला आहे. पहिल्या प्रकारात नुसते आकडे. खलनायकाच्या राजधानीवर, बाबेलवर, काळोख पडतो तिथे समासात 'प्रकटीकरण 16:10', म्हणजे बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा अध्याय आणि वचन. फरात (युफ्रेटिस) नदी आटते आणि पूर्वेकडच्या राजांची सैन्यं कोरड्या पात्रातून पार होतात, तिथे '16:12', आणि पुढे बरोबरची खूण. गणिताच्या वहीत बाई करतात तशी, ठसठशीत. दुसऱ्या प्रकारात मात्र माणूस बोलतो. पात्रांचं सॅटेलाइट फोनवरचं बोलणं संपता संपत नाही तिथे लिहिलंय, 'फोन ठेवा आता!' आणि क्लोई लपायच्या जागेतून रात्री एकटी बाहेर पडते आणि शत्रूच्या हाती सापडते, त्या पानावर शब्दच नाहीत. पेन्सिल दाबून मारलेली एक उभी रेघ, कागद फाटेल इतकी. क्लोईचा पुढे गिलोटिनखाली शिरच्छेद होतो. मागे नवरा आणि लहानगा मुलगा. तिथे फक्त 'का?' एवढंच लिहिलंय.

मला हे फार आवडलं. कारण एकाच पेन्सिलीने ती बाई एकीकडे लेखकाला शाबासकी देते आहे, वचनाबरहुकूम लिहिलंस म्हणून, आणि दुसरीकडे त्याच्याशी भांडते आहे, माझ्या पोरीला का मारलंस म्हणून.

या मालिकेच्या शेवटच्या भागांबद्दल वाचकांचं जे काही म्हणणं मी ऐकलं ते सगळं या दोन प्रकारच्या नोंदींत बसतं. पाणी घालून वाढवलंय, ही सगळ्यात मोठी तक्रार. आधी म्हणे एकाच कादंबरीचा बेत होता, मग तीन करायच्या ठरल्या, मग आकडा वाढत वाढत बारावर गेला. अक्षरं मोठी, समास रुंद, गोष्टीतल्या रब्बी (यहुदी धर्मगुरू) त्सियोन बेन-यहूदाची प्रवचनं पानंच्या पानं. तक्रार खोटी नाही. पण लेखकाची अडचणही बघायला हवी. प्रकटीकरणात सात शिक्के आहेत, सात कर्णे आहेत आणि क्रोधाच्या सात वाट्या आहेत, म्हणजे एकवीस अरिष्टं. त्यातलं एकही गाळायची सोय नाही. गाळलं की पेन्सिलवाली बाई धरणार. साध्या थरारकथेच्या लेखकाला कंटाळवाणं संकट कापता येतं. इथे अंगावर फोड उठायला हवेत, पाण्याचं रक्त व्हायला हवं, सूर्याने पोळायला हवं आणि मगच काळोख पडायला हवा. क्रम ठरवून ठेवणारा दुसराच.

मग ज्याचा शेवट पहिल्या पानाच्या आधीच ठाऊक आहे ते लोक वाचतात कशाला, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या कुणाला सीतेचं पुढे काय झालं ही उत्सुकता नसते, बुवा ते कसं सांगतात यासाठी माणसं बसतात, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण ते पुरतं लागू पडत नाही. इथल्या वाचकाला देव जिंकणार हे माहीत आहे, पण बक विल्यम्स जगणार का, हे माहीत नाही. तो बक म्हणजे पत्रकार, क्लोईचा नवरा. बायबलमध्ये तो कुठेच नसल्यामुळे त्याचं काहीही होऊ शकतं. अकरावं पुस्तक संपतं तेव्हा बक यरुशलेमला घायाळ, रेफर्ड जॉर्डनमधल्या पेत्राजवळ जखमी, आणि पुढचा भाग बाजारात यायला महिनोन्महिने. जगाचा न्यायनिवाडा ठरलेला, पण माउंट प्रॉस्पेक्टच्या एका कुटुंबाचा नाही. लेखकाने पकडून ठेवलंय ते इथे.

आमच्या शेजारच्या आजी, निवृत्त शिक्षिका, या मालिकेच्या पहिल्यापासूनच्या वाचक. त्यांच्या चर्चमधल्या बायकांत एकच प्रत पाच-सहा घरं फिरायची आणि मग रविवारी प्रार्थना आटोपल्यावर कॉफीच्या टेबलाशी वाद व्हायचे. (एमी जॉन्सन फ्रिकहोम या अभ्यासक बाईंनी मालिकेच्या वाचकांशी बोलून 2004 साली एक पुस्तक लिहिलं, त्यातही हेच दिसतं: पुस्तकं बहिणीकडून भावाकडे, आईकडून मुलीकडे जातात आणि वाचणं हे एकट्याचं काम राहत नाही.) आजींचं मत विचारलं तर त्या आधी पानंच्या पानं दोष काढतात. बक आणि रेफर्ड यांना त्या एकमेकांपासून वेगळं ओळखूच शकत नाहीत. खलनायक निकोलाय कार्पेथिया मात्र झकास जमलाय, हे त्या जरा चोरट्या आवाजात सांगतात. कार्पेथिया रुमानियाचा, आधी संयुक्त राष्ट्रांचा महासचिव आणि मग जगाचा सम्राट. सहाव्या पुस्तकात त्याचा खून होतो, सातव्यात तो उठून बसतो. "तो मेला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं," आजी म्हणाल्या, "आता गोष्टीत राहिलं कोण, म्हणून."

पण त्यांचा खरा जीव हॅटीवर. हॅटी डरहॅम ही रेफर्डच्या विमानातली हवाईसुंदरी. मधल्या काही पुस्तकांच्या सुरुवातीला पात्रांची यादी दिलेली असते. तिचे तीन भाग: विश्वास ठेवणारे, शत्रू आणि अजून ज्यांचं ठरलेलं नाही ते. हॅटी त्या तिसऱ्या भागात किती काळ अडकून पडलेली आहे! सगळे तिला समजावतात, ती पळून जाते, परत येते, भांडते. शेवटी ती एकदाची ठरवते, आणि नवव्या पुस्तकात कार्पेथियाला भर लोकांत सुनावते आणि आगीत भस्म होते. आजींच्या मते तिचं ठरलं आणि गोष्टीतली जान गेली. धार्मिक बाईच्या तोंडून हे ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

ती यादी पाहिली तेव्हा मी साहजिकच माझं नाव कुठे बसतं ते शोधलं. गणपती बसवणारी, चतुर्थीचा उपास विसरणारी मी. शत्रूंत घालावं इतकी काही मी कर्तबगार नाही. हॅटीच्याच शेजारी चटई टाकावी लागणार. आजींना तसं सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "यादी लेखकांनी केली आहे, देवाने नाही." त्यांच्या चर्चला हे उत्तर चाललं असतं का, मला शंकाच आहे.

आमच्या मराठी मंडळात वसईकडचे एक काका आहेत, कॅथलिक. त्यांच्यापुढे विषय काढला तर ते उखडलेच. "अगं, आमच्यात हे नाहीच मुळी! तो येणार, न्याय करणार, हे आम्ही दर रविवारी म्हणतो. पण आधी निवडक माणसं गुपचूप उचलून न्यायची आणि बाकीच्यांना सात वर्षं भाजत ठेवायचं, हे कुठून काढलं यांनी?" काढलं ते बरंचसं जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशक गृहस्थांनी, 1830च्या आसपास, आणि अमेरिकेत ते घरोघर पोचलं 1909च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून. काकांनी मालिकेतली दोन पुस्तकं वाचली आहेत, रागारागाने, पण वाचली आहेत. "तुम्ही पूर्ण का वाचलं मग?" तर म्हणे, "विमानात दुसरं काही नव्हतं." विमानात बसून नेमकी हीच मालिका वाचायला छातीच हवी.

बाराव्या भागावर, 'ग्लोरियस अपिअरिंग'वर, मात्र वादाचा सूर बदलला. त्यात ख्रिस्त परत येतो आणि त्याच्या नुसत्या शब्दांनी शत्रूच्या सैनिकांची शरीरं फाटतात. निकोलस क्रिस्टॉफ यांनी 2004 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की एखाद्या मुसलमान लेखकाने अशीच इस्लामी कादंबरी लिहून सौदी अरेबियात छापली असती तर आपल्याला केवढा संताप आला असता. आजींचं म्हणणं, तोंडातून निघणारी तलवार प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहेच, लेखकाने पदरचं काही घातलेलं नाही. मला वाटतं, घातलंय. तलवार आहे एक-दोन ओळींत. तिने काय काय कापलं याची चवीने केलेली वर्णनं कादंबरीकाराची. क्लोईच्या मरणावर जी पेन्सिल इतकी दाबली गेली, ती या लाखो बिननावाच्या शिपायांवर कुठे थबकली असती का, हे बघायला त्या बाईंची बाराव्या भागाची प्रत मिळायला हवी होती. थप्पीत शोधली, मिळाली नाही.

बारा झाल्यावर लोकांना वाटलं, सुटलो. तर पहिल्या पुस्तकाच्या आधीच्या काळातली तीन पुस्तकं आली, आणि 2007 साली आणखी एक, 'किंगडम कम'. हे शेवटचं ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल. म्हणजे सात वर्षांना बारा पुस्तकं आणि हजार वर्षांना एक! आजींनी ते आल्या आल्या घेतलं होतं. खूण अजून पहिल्या शंभरएक पानांतच आहे. कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, "छान आहे गं. सिंह आणि कोकरू एकत्र बसतात, कुणी आजारी पडत नाही, सगळे एकमेकांना भेटतात. पण कुणाचं काही अडतच नाही ना." आणि मला विचारलं, "तुला नेऊन बघायचंय?"