बक्षिसांचं टेबल

आमच्या हायस्कूलचं वर्ष कागदोपत्री जूनमध्ये सुरू होतं, पण गावाला शाळा दिसायला लागते ती 22 सप्टेंबरला. कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. रयत शिक्षण संस्थेच्या इतर शाखांतून निघते तशी आमचीही मिरवणूक निघते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला केळीचे खुंट, मध्ये कर्मवीर अण्णांचा फोटो, पुढे लेझीम आणि सगळ्यांच्या पुढे हलगी. खटाव तालुक्याच्या पूर्वेचा आमचा कोरडवाहू भाग. पाऊस झाला असेल तर माणसं बाजरीच्या घाईत असतात, नसेल झाला तर पारावर बसून असतात, पण मिरवणुकीला दोन्ही साली गर्दी होते. चौकात आठवीतली एखादी मुलगी अण्णांची पत्नी लक्ष्मीबाई होते आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी गळ्यातलं मंगळसूत्र काढून देते. मंगळसूत्र अर्थातच खोटं असतं. तरी बायकांमधून कुणीतरी "अगं, नको गं!" म्हणतंच. हा प्रसंग मला आता तोंडपाठ झालाय, पण त्या "नको गं"साठी मी दुकान अर्धा तास बंद ठेवून जातो.

दुकान खतं-बियाण्यांचं. मी याच शाळेतून दहावी झालो, गावातच राहिलो आणि आता माजी विद्यार्थी संघाचं काम बघतो. काम बघतो म्हणजे मुख्यतः गॅदरिंगच्या दिवशी बक्षिसांचं टेबल माझ्याकडे असतं. ते दुसऱ्या कुणाकडे द्यायची माझी अजून तयारी नाही, हेही सांगून टाकतो.

गॅदरिंगच्या आधी खेळांचा आठवडा. डिसेंबरची थंडी, मैदानावर पहाटेच पीटीचे सर आणि चार पोरं फक्की मारत असतात. दोरी ताणायची, डब्याला भोकं पाडून त्यातून फक्की सोडत जायचं, आणि कबड्डीची मध्यरेषा वाकडी आली की पायाने पुसून पुन्हा. तालुक्याला हल्ली कबड्डी मॅटवर होते. आमची पोरं मातीवर शिकून तिथे जातात आणि पहिली दहा मिनिटं त्यांचे पाय धरतच नाहीत. पण खो-खोत आम्ही कुणाला ऐकत नाही. नऊ जणी मैदानात, तिघी बाहेर, आणि त्या तिघींचाच आवाज सगळ्यांत मोठा.

नववी विरुद्ध दहावी असा मुलींचा सामना मी कधी चुकवत नाही. एका साली दहावीची शेवटची गडी टिकून राहिली होती. उंचीने बारकी, मेंढपाळाच्या घरातली. पाठलाग करणाऱ्या पोरी खुंटापर्यंत आणत होत्या आणि ती खुंटाला हात घासून पलीकडे निघत होती. खो, खो, खो असा नुसता मारा चाललेला. मग नववीच्या एकीने खुंटावरून असा सूर मारला की तिची बोटं हिच्या टाचेला लागली आणि स्वतः हनुवटीवर पडली. शिट्टी झाली. बाद झालेली पोर आधी मागे वळली, पडलेलीला उठवलं, तिच्या हनुवटीची माती आपल्या ओढणीने पुसली आणि मग पंचांशी भांडायला गेली की टाच लागलीच नव्हती. हळदीची पुडी शिपाईमामांच्या खिशात कायम असते, ती त्या दिवशी कामाला आली.

पूर्वी आठवीनंतर पोरींना खेळायला पाठवताना घरोघरी समजूत घालावी लागायची. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली आणि आमच्याकडच्या आयांचा सूर बदलला. "मोहीची पोरगी पळतीया, मग आमच्या पोरीनं काय पाप केलंय?" हे वाक्य मी माझ्याच दुकानात, युरियाच्या रांगेत ऐकलंय.

आता गॅदरिंग. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अहवालवाचन. हे सगळं होतं, व्हायलाच हवं, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. निमंत्रणपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून होणारी रुसवाफुगवीसुद्धा दर वर्षी तीच, बहुतेक माणसंही तीच. पाहुणा कुणीही असो, भाषण संस्था जिथे स्थापन झाली त्या कराडजवळच्या काले गावापासून, 4 ऑक्टोबर 1919 पासून सुरू होतं आणि संस्थेच्या बोधचिन्हातल्या वटवृक्षाखाली येऊन थांबतं. पाहुणा क्रीडा खात्यातला असला तर वाटेत गोळेश्वरला वळसा घालून खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीचं कांस्यपदक घेऊन येतो. तक्रार नाही. सातारा जिल्ह्यात हे सांगायचं नाही तर कुठे सांगायचं? फक्त पाठीमागे नाचाचे कपडे घालून थंडीत कुडकुडणारी पाचवीची पोरं दिसतात, तेव्हा पाहुण्याने वटवृक्षाखाली थोडं लवकर यावं असं वाटतं.

शेलापागोटे, म्हणजे नाव घेऊन काढलेले चिमटे, हल्ली बंदच झालेत, कारण कुणाला काही लागलं तर पालक दुसऱ्या दिवशी हजर. हस्तलिखित मात्र अजून निघतं. मराठीच्या बाई ते नेटाने काढतात आणि मुखपृष्ठ दर वर्षी उगवत्या सूर्याचं असतं.

मी ज्याची वाट बघत असतो ते यानंतर येतं. ठेवीची बक्षिसं.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातलं कुणी आपल्या माणसाच्या स्मरणार्थ शाळेकडे काही रक्कम देतं. ती बँकेत कायम ठेव म्हणून राहते आणि तिच्या व्याजातून दर वर्षी एक बक्षीस दिलं जातं. गणितात पहिला, मुलींत पहिली, संस्कृतला सर्वाधिक गुण, असं ज्याचं त्याने ठरवून दिलेलं. आमच्याकडे जुन्यात जुन्या ठेवी 501 रुपयांच्या आहेत. त्या ठेवल्या तेव्हा व्याज दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला पन्नासेक रुपये. त्यात कंपासपेटी, वही आणि वर एक पेन यायचं. आता सहा-सात टक्क्यांनी तीस-पस्तीस रुपये होतात, त्यात नुसती वही येते. संघाच्या बैठकीत एकाने सुचवलं होतं की या बारक्या ठेवी मोडून एकच मोठी करू आणि एकच घसघशीत बक्षीस देऊ. हिशेबाने बरोबर होतं. मी म्हटलं, मग ती नावं कोण वाचणार? कमी पडतील ते पैसे संघ घालेल. तेव्हापासून घालतो. नवी ठेव मात्र किमान पाच हजारांची घ्यायची असं ठरलं.

नाव पुकारताना नुसतं मुलाचं पुकारायचं नाही, ठेव कुणाच्या स्मरणार्थ आणि कशासाठी तेही वाचायचं. आणि घरचं कुणी आलं असेल तर बक्षीस त्यांच्या हातून द्यायचं, दोन शब्द बोलायची संधी द्यायची. व्यासपीठावरची सगळी भाषणं मी विसरतो. हे दोन शब्द विसरत नाही.

एका बापाने नववीत असताना वारलेल्या पोराच्या नावाने ठेव ठेवली. बक्षीस कशासाठी? वर्षभर एकही दिवस गैरहजर नसलेल्या विद्यार्थ्याला. माइक हातात घेऊन तो एवढंच म्हणाला, "आमच्या पोराला शाळेत यायला लई आवडायचं." आणि खाली उतरला. बक्षीस घेणारं पोर गोंधळून तिथेच उभं राहिलं, कारण वही द्यायची राहूनच गेली होती. ती मी टेबलामागून पुढे केली.

आणि एक आजी. आमच्याकडची कितीतरी घरं गलाईवर चालतात. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला थेट केरळ-तमिळनाडूपर्यंत जाऊन राहिली. आजींचे मालक तसेच गेले होते. तिकडून पत्र यायचं आणि आजींना वाचता येत नसल्यामुळे ते शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावं लागायचं. मालक वारल्यावर मुलाने विचारलं, आबांच्या नावानं शाळेला काय देऊया? आजींनी सांगितलं, जी पोर मोठ्यानं आणि नीट वाचंल तिला बक्षीस द्या. इंग्रजीला नाही, गणिताला नाही, वाचनाला. शाळेकडे असं बक्षीसच नव्हतं, म्हणून मग वाचनाची स्पर्धा सुरू करावी लागली. पहिल्या साली आजी स्वतः आल्या. माइकपासून तोंड लांब ठेवून म्हणाल्या, "शेजारचं पोरगं वाचायचं, पर मधलं मधलं गाळायचं. लाजायचं बिचारं." सगळा मंडप हसला, आजीही हसल्या. "पोरींनो, सगळं वाचायला शिका. कुणाला गाळू दिऊ नका."

आजी आता नाहीत. त्यांचा मुलगा कोईमतूरहून सुट्टी काढून येतो. कधी गॅदरिंगची तारीख पुढेमागे झाली तर नातू येतो. तो तमिळ शाळेत शिकलेला, मराठी अडखळत बोलतो, पण येतो.

इथे मला थोडं बोलू द्या. दीड दिवसाचा प्रवास करून गलाईवाले येतात आणि पुण्यातली आमची मंडळी चार तासांवरून येत नाहीत. व्हॉट्सॲपच्या गटावर "आपली शाळा, आपला अभिमान" रोज सकाळी असतो. वाईजवळच्या रिसॉर्टवर एकसारखे टी-शर्ट घालून स्नेहमेळावा होतो, निवृत्त सरांना गाडी पाठवून तिथे नेतात, सत्कार करतात. चांगलंच आहे. पण ते सर ज्या मैदानावर तुम्हाला पळवायचे ते मैदान गावात आहे. गॅदरिंगला या पुणेकरांसाठी दोन रांगा राखून ठेवतो आणि साडेसातला त्या खुर्च्यांवर गावातली बारकी पोरं बसतात. मी उठवत नाही.

गावातल्यांचाही एक दोष आहे. आपल्या पोराचा नाच झाला की आई-बाप उठून घरी. त्यामुळे बक्षिसं शेवटी ठेवली तर टेबलासमोर मी, सर आणि मंडपवाला एवढेच उरायचो. भांडून मी बक्षिसं नाचाच्या आधी आणली. आता पालक उशिरा येतात. यावर उपाय म्हणून दोन वर्षांपूर्वी लेझीम आधी, मग ठेवीची बक्षिसं, मग नाच असं केलं. हे जरा जमलंय.

2012-13 च्या दुष्काळात मंडप घातला नव्हता. गावातली निम्मी जनावरं आणि त्यांच्यामागे माणसं छावणीवर होती. वर्गासमोरच्या व्हरांड्यात दिवसाउजेडी कार्यक्रम केला, नाच नाहीत, पाहुणे नाहीत, फक्त बक्षिसं. छावणीवरून माणसं पाळीपाळीने येऊन गेली. इतकी शांत, इतकी भरलेली हजेरी मला परत बघायला मिळाली नाही. कोरोनाच्या काळात तेवढंही झालं नाही. वह्या-पेनं मी दोघा सरांबरोबर घरोघरी नेऊन दिली.

आता ज्यांच्यामुळे हे होतं त्यांच्याबद्दल. नावं लिहीत नाही, कारण एक राहिलं तर ते वर्षभर माझ्या दुकानातून खत नेणार नाहीत. पीटीचे सर आणि फक्कीवाली चार पोरं वर आली. मराठीच्या बाई आल्या. चित्रकलेचे सर, जे व्यासपीठामागचा पडदा घरून रंगवून आणतात आणि रंगाचे पैसे मागत नाहीत. ऑफिसातले भाऊसाहेब, ज्यांच्याकडे ठेवींचं रजिस्टर आहे आणि ज्यांनी एकही पावती हरवू दिलेली नाही. शिपाईमामा, हळद आणि घंटा दोन्हींसाठी. मंडपवाले, जे निम्मं भाडं घेतात आणि उरलेल्याबद्दल वर्षभर ऐकवतात. डेअरीवाले, पोरांना मसाला दूध तेच देतात. मुलींचे केस विंचरून अंबाडे घालायला दुपारपासून येऊन बसणाऱ्या बचत गटाच्या बायका. पाहुण्यांची चहाची कपबशी ज्यांच्या घरून येते त्या काकू. रात्री लांबच्या वस्त्यांवरच्या पोरांना सोडणारे दोन जीपवाले आणि एक ट्रॅक्टरवाला. लाइट गेल्यावर ज्याच्या जनरेटरवर निम्मं गॅदरिंग झालं तो वायरमनचा भाऊ. वाचनस्पर्धेचे परीक्षक म्हणून येणाऱ्या प्राथमिक शाळेच्या बाई. फोटो काढणारा आमच्याच बॅचचा फोटोग्राफर, जो स्वतः एकाही फोटोत नाही.

लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बक्षिसांचे कागद दर वर्षी चिकटवतं कोण? तेव्हा तेही लिहितो: आदल्या रात्री आमच्या ओसरीवर बसून वह्यांना कागद लावते ती, आणि तिच्या मदतीला शेजारच्या दोघी सासू-सुना. या वर्षी ठेवींमध्ये दोन नव्या आल्यात, त्यामुळे कागद जास्त लागणार आहे.