कार्बनच्या टनाचा भाव कोटेशनवर आला की कंपनी हलते

मी इथे स्वीडनमध्ये अवजड यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत खरेदी विभागात काम करते. मायदेशातली मंडळी नेहमी विचारतात, की बड्या कंपन्या ‘२०५० पर्यंत नेट झीरो’, म्हणजे कार्बनचं निव्वळ उत्सर्जन शून्य, म्हणतात त्यात खरं किती? माझं म्हणणं असं, की कंपनीची जाहिरात बाजूला ठेवा आणि ती माल कसा विकत घेते ते बघा. उत्सर्जन झपाट्याने उतरवायचं असेल तर कार्बनचा हिशोब पर्यावरण विभागाच्या अहवालातून उठून खरेदी आणि वित्त विभागाच्या टेबलावर यायला हवा.

कंपन्यांचं उत्सर्जन मोजायची जी पद्धत २००१ पासून जगभर रूढ झाली, त्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलमध्ये तीन हिस्से आहेत. स्वतःच्या भट्ट्या आणि गाड्यांचा धूर म्हणजे स्कोप १, विकत घेतलेल्या विजेमागचा धूर म्हणजे स्कोप २, आणि बाकी सगळं स्कोप ३: कच्चा माल, वाहतूक, विकलेलं यंत्र गिऱ्हाइकाकडे चालताना जळणारं डिझेलसुद्धा. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत पहिले दोन मिळूनही वाटा लहानच निघतो. छपरावर सोलर पॅनल बसवणं चांगलंच, पण पोलाद कोणाकडून आणि कसं बनवलेलं घेतलं, यावर त्याच्या कितीतरी पट फरक पडतो.

पूर्वी आमच्या तुलनात्मक तक्त्यात भाव, मुदत, गुणवत्ता आणि पैसे किती दिवसांनी द्यायचे एवढेच रकाने असत. आता त्यात आणखी एक आहे: एक टन पोलादामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड. कंपनीने कार्बनला टनामागे स्वतःचा एक अंतर्गत भाव ठरवला आहे. तो या आकड्याला लावून येणारी रक्कम कोटेशनच्या भावात मिळवली जाते आणि मग क्रमवारी लागते. भावात तिसरा असलेला पुरवठादार अशा वेळी पहिला येऊ शकतो, आणि तसं झालेलं मी पाहिलं आहे. सुरुवातीला बहुतेकांनी ‘उद्योगाची सरासरी’ लिहून पाठवली. सरासरीत चांगला कारखाना आणि धूर ओकणारा कारखाना सारखेच दिसतात. मग नियम झाला, की जो स्वतःच्या कारखान्याचा तपासून घेतलेला आकडा देणार नाही, त्याच्या नावापुढे सगळ्यात वाईट आकडा धरायचा. पुढच्या फेरीपासून खरे आकडे येऊ लागले.

पोलादावर एवढा भर का, तर जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे ७ ते ८ टक्के हिस्सा एकट्या पोलादाचा आहे. झोतभट्टीत लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोळशाचा कोक लागतो आणि टनभर पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इथे स्वीडनच्या उत्तरेला लुलेओ शहरात एसएसएबी (पोलाद), एलकेएबी (लोहखनिज) आणि वॅटनफॉल (वीज) या तीन कंपन्यांनी मिळून ‘हायब्रिट’ नावाचा प्रकल्प उभा केला. त्यात कोकचं काम हायड्रोजन करतो आणि धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. २०२० मध्ये चाचणी कारखाना सुरू झाला आणि २०२१ मध्ये असं पहिलं पोलाद व्होल्वोला मिळालं. हे पोलाद महाग पडतं. म्हणूनच मोठ्या गिऱ्हाइकाने आधी शब्द द्यावा लागतो. अनेक वर्षांचा खरेदी करार हातात असला की बँक नव्या कारखान्याला कर्ज द्यायला धजते. ‘स्वस्त झालं की घेऊ’ असं सगळेच म्हणत बसले तर कारखानाच उभा राहत नाही.

वेळेचं गणितही फार महत्त्वाचं आहे आणि त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. झोतभट्टीचं आतलं अस्तर नवं केलं की ती पुढची १५ ते २० वर्षं चालते. आज अस्तराला मंजुरी दिली तर २०४० च्या पुढचा धूर आजच ठरला. त्यामुळे जुनी यंत्रसामग्री बदलायची वेळ येते तो क्षण गाठता आला पाहिजे. प्रत्येक भांडवली खर्चाच्या प्रस्तावावर ‘हे यंत्र किती वर्षं जळत राहणार?’ हा प्रश्न सक्तीचा हवा, आणि संचालकांच्या बोनसचा मोठा हिस्सा दरवर्षीच्या प्रत्यक्ष घटीवर अवलंबून हवा. २०५० च्या लक्ष्याला जबाबदार माणूस तोवर निवृत्त झालेला असतो.

स्वीडनने १९९१ मध्येच कार्बन कर लावला आणि युरोपियन युनियनचा उत्सर्जन परवान्यांचा बाजार, जिथे धूर सोडण्याचे परवाने विकत घ्यावे लागतात, २००५ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे एक टन कार्बन डायऑक्साइडच्या परवान्याचा भाव पहिल्यांदाच १०० युरोच्या वर गेला. असे आकडे समोर असले की वित्त विभागाशी वाद घालावा लागत नाही. पण नुसता भाव पुरत नाही. मायक्रोसॉफ्ट २०१२ पासून आपल्याच विभागांकडून कार्बन शुल्क घेते, तरी २०२० ते २०२३ या काळात तिचं उत्सर्जन चतुर्थांशाहून जास्त वाढलं. डेटा सेंटरांचं काँक्रीट, पोलाद आणि चिप्स यांतून ही वाढ आली. धंदा घटीपेक्षा वेगाने वाढला, तर धूरही वाढणारच.

शेजारच्या डेन्मार्कमधल्या ऑर्स्टेड या ऊर्जा कंपनीचं उदाहरण उमेद देतं. ८५ टक्के ऊर्जा कोळसा-गॅसवर बनवणाऱ्या या कंपनीने २००९ मध्ये ते प्रमाण २०४० पर्यंत उलटवायचं, म्हणजे ८५ टक्के ऊर्जा स्वच्छ करायची ठरवलं आणि २०१९ मध्येच उलटवलं. मात्र तिने आपल्या तेल-वायूच्या विहिरी विकल्या, ते मी घटीत धरत नाही. मालक बदलला तरी विहीर चालूच राहते. कोळशाचे बॉयलर बंद करून समुद्रात पवनचक्क्या उभारल्या, ती खरी घट.

काही कामांना नव्या तंत्रज्ञानाची वाट बघायचीही गरज नाही. कारखान्यात दाबाची हवा लागते आणि देखभाल ढिली असेल तर कॉम्प्रेसरची २० ते ३० टक्के हवा गळतीतच जाते. आमच्याकडे कारखाना बंद असताना, शांततेत, देखभालवाले अल्ट्रासाउंडचं यंत्र घेऊन पाइपांच्या कडेने फिरतात. कानाला न ऐकू येणारी गळती त्यावर सापडते, तिथे लाल चिठ्ठी लागते आणि पुढच्या पाळीत वॉशर किंवा कपलिंग बदललं जातं. अशा गळत्या बुजवायला नव्या यंत्राच्या तुलनेत खर्च नगण्य असतो.

सध्या माझा जीव अडकलाय तो लहान पुरवठादारांत. आमचे सुटे भाग घडवणारा एक फोर्जिंग कारखाना गॅसच्या भट्ट्या काढून विजेच्या इंडक्शन भट्ट्या बसवायला तयार आहे, पण एवढं भांडवल त्याच्याकडे नाही आणि आमचा करार मात्र वर्षा-वर्षाचा. धूर आमच्या स्कोप ३ मध्ये मोजायचा आणि भट्टीचा खर्च मात्र त्याने एकट्याने सोसायचा, हे मला पटत नाही. म्हणून मी लांब मुदतीच्या कराराचा प्रस्ताव मांडला आहे: ठरलेला माल घेण्याची हमी आमची, भट्ट्या बदलण्याची तारीख त्याची, आणि तारीख पाळली तर पहिली काही वर्षं भावात वाढ मान्य. वित्त विभागाने हमीची रक्कम कमी करायला सांगितलंय. मी ती कमी करणार नाहीये, कारण त्याच रकमेवर त्याची बँक कर्ज देणार आहे.