गाण्यातलं ‘पानी’ आणि प्रुफातलं ‘पाणी’

कोपरखैरण्याला घरबसल्या टायपिंग आणि पुस्तकांची मांडणी करतो. गेल्या वर्षी घणसोली गावातले एक निवृत्त मास्तर वह्यांनी भरलेली पिशवी घेऊन आले. धवलारणींच्या, म्हणजे लग्नात गाणाऱ्या बायकांच्या, तोंडून उतरवून घेतलेले आगरी लग्नातले धवले, म्हणजे लग्नगीतं, होती त्यात. पुस्तकात डावीकडे आगरी, उजवीकडे मराठी अर्थ. आठ दिवसांचं काम, असं मी त्यांना सांगून बसलो.

पहिलंच पान निम्मं लाल झालं. आगरीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’, आणि ‘ड’चा पुष्कळदा ‘र’. पानी, बाला, गारी... स्पेलचेकरच्या लेखी सगळ्याच चुका. तो बंद करता आला असता, पण मग उजवीकडच्या माझ्या चुका कोण पकडणार? म्हटलं, आगरी मजकुराला भाषाच वेगळी लावू, म्हणजे स्पेलचेकर त्याला मराठी समजून तपासणार नाही.

मी ज्यात टाइप करतो त्या लिब्रे ऑफिसच्या भाषांच्या यादीत आगरी नव्हती. मग भाषेच्या कोडच्या, म्हणजे संगणकाला भाषा ओळखू यावी म्हणून ठरवलेल्या रोमन अक्षरांच्या, मागे लागलो. मराठीला दोन अक्षरांचा कोड आहे, ‘एम-आर’. कोकणीला दोन अक्षरी मिळालेलाच नाही, तीन अक्षरी ‘के-ओ-के’वर भागवावं लागतं. वारलीलाही ‘व्ही-ए-व्ही’ आहे. आगरीच्या नावाचा कोड काही हाती लागला नाही. मास्तरांना विचारलं, “कोकणी लावू का?” ते म्हणाले, “कोकनी कशाला बाला? आगरी हाय ना!” विषय संपला.

भाषांच्या अशा खुणा कशा लिहायच्या याचे नियम ‘बीसीपी ४७’ नावाच्या इंटरनेटच्या नियमावलीत आहेत. त्यात एक पळवाट ठेवलीय: ‘एक्स’ लिहून पुढे आपली खासगी खूण जोडायची, रोमन अक्षरं-आकडे मिळून जास्तीत जास्त आठ. म्हणजे ‘एमआर-एक्स-आगरी’. लिब्रे ऑफिसमध्ये भाषेच्या चौकटीत ही खूण थेट टाइप करता येते. केली. लाल रेघा जागच्या जागी!

यात दोन तास गेले. चूक माझीच. तिथे भाषेच्या तीन वेगळ्या जागा असतात: पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांसाठीची. मी आपला पाश्चात्त्यमध्ये टाइप करत होतो. आपण आशियात राहत असलो तरी तिथल्या ‘आशियाई’त चिनी-जपानी-कोरियन येतात, देवनागरी बसते कॉम्प्लेक्समध्ये. ‘आगरी’ नावाची कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे निवडलेल्या अक्षरांना लावायचा तयार साचा, केली, खूण योग्य जागी लावली आणि डावी पानं स्वच्छ झाली.

मग प्रेस. ठाण्यातल्या त्या प्रेसला वर्डची जुनी ‘डॉक’ फाइलच हवी होती. दिली. प्रूफ आलं तर पहिल्याच धवल्यात ‘पानी’चं ‘पाणी’ झालेलं, पुढे आणखी सतरा ठिकाणी तसंच. ऑपरेटरला लाल रेघा दिसल्या, त्याने बिचाऱ्याने एकेक दुरुस्त केलं. त्याला काय बोलणार?

खूण गेली कुठे, ते फाइलींच्या पोटात शिरल्यावर कळलं. ‘डॉक’मध्ये भाषेचं नाव नसतंच, मायक्रोसॉफ्टच्या यादीतला आकडा असतो: मराठी ११०२, कोकणी ११११. माझ्या घरगुती खुणेला आकडाच नाही, मग ती टिकणार कशी? आरटीएफ या दुसऱ्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्येही हेच आकडे. वर्डची नवी ‘डॉकएक्स’ म्हणजे मुळात झिप. नाव बदलून उघडली. तिथे आकड्याऐवजी अक्षरी खूण असते, म्हणून आगरी शाबूत होती. फक्त देवनागरीची भाषा ‘बायडाय’ नावाच्या जागी लिहिलेली असते. हे नाव उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी-हिब्रूवरून आलेलं. कॉम्प्लेक्स म्हणून आपणही त्याच खोलीत. लिब्रे ऑफिसच्या स्वतःच्या ‘ओडीटी’ फाइलीत भाषा आणि देश वेगवेगळे लिहितात, आणि त्या दोन खणांत न मावणाऱ्या खुणेसाठी त्या फॉरमॅटच्या १.२ आवृत्तीपासून स्वतंत्र जागा केलीय. माझी खूण पूर्ण तिथे होती.

तेव्हापासून मूळ प्रत ‘ओडीटी’तच ठेवतो. प्रेससाठी वेगळी कॉपी काढली, तिच्यात आगरी स्टाइलची भाषा ‘काहीही नाही’ केली. स्टाइलचं नाव ‘डॉक’मध्येही टिकतं, म्हणून तेच बदलून ‘आगरी दुरुस्त करू नये’ असं ठेवलं. खरं तर हे सुचायला कोडबिड काही लागत नव्हतं.

दुसरं प्रूफ घेऊन घणसोलीला गेलो. मास्तर वाचेनात, चालीवर म्हणायला लागले. तिसऱ्या धवल्यात थांबले आणि बोट ठेवलं. ‘डोला’च्या जागी ‘डोळा’. हा ना प्रेसने केला होता, ना मशीनने. हात सवयीने गेला होता माझा, आणि आगरी तपासायचं बंद केल्यामुळे त्याच्याखाली लाल रेघ येणार तरी कुठून?